चिखलदरा एका दिवसात? रिद्धपूर ते मेळघाट : घाट, किल्ला आणि कोरकू शब्द

(एपिसोडची लिखित प्रत. बोलताना आलेले ‘म्हणजे’, ‘अ‍ॅक्च्युअली’ आणि मागची कुकरची शिट्टी काढून टाकली आहे. बाकी जसं बोललो, तसंच ठेवलंय.)

इयरफोन नीट लावा, आज जरा घाटातून जायचंय.

मागच्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त आलेला मेसेज कोणता असेल? ‘भाऊ, चिखलदऱ्याचा वन डे प्लॅन सांग ना.’ कोणी अमरावतीहून निघणार, कोणी अकोल्याहून, एक जण तर थेट नागपूरहून सकाळी पाचला निघून रात्री अकरापर्यंत घरी पोचायचं म्हणतोय. मी रिद्धपूरचा आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून मला विचारता. रिद्धपूर म्हणजे मोर्शी तालुका, चांदूर बाजारच्या अलीकडे. हिवाळ्यात सकाळी हवा स्वच्छ असली की उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. लहानपणी मला वाटायचं, तिथे जग संपतं.

तर वन डे प्लॅन. मी केलाय. म्हणूनच सांगतोय की नको.

[०२:१०] अकरा पॉईंट आणि एक्सेल शीट

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणातला रविवार. आम्ही चौघं मित्र, एक गाडी. मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे सवयीप्रमाणे एक्सेल शीट केली होती. अकरा पॉईंट, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, जेवणाला तीस. हसू नका, फोटोसाठी वेगळा कॉलम होता.

वर पोचलो तर धुकं. देवी पॉईंटला पांढरं. हरिकेन पॉईंटला पांढरं. पंचबोल पॉईंटला आवाज पाच वेळा घुमून परत येतो म्हणतात. आम्ही घसा फाटेस्तोवर ओरडलो, तर शेजारच्या एका काकूंनी फक्त वळून बघितलं. रस्ताभर गाड्यांची रांग, कणसाचा धूर, डीजे. अकरापैकी सात पॉईंट ‘झाले’ आणि अंधार पडायच्या आत खाली पोचायचं म्हणून आम्ही घाईत निघालो. गाडी मी चालवत होतो. ड्रायव्हिंग मी पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये शिकलोय, म्हणजे ब्रेक, ब्रेक आणि ब्रेक.

अर्ध्या घाटात जळका वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं, स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. आणि एका वळणावर समोर दोन गाई आणि त्यांच्यामागे सात-आठ वर्षांची एक मुलगी.

मी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंग डोंगराच्या बाजूला फिरवलं. गाडी कडेच्या नालीत जाऊन टेकली. मुलगी चार हातांवर उभी होती. तिला काही झालं नाही, गाईंना नाही, आम्हालाही नाही. ती आमच्याकडे बघून काहीतरी बोलली. आम्हाला एक शब्द कळला नाही. मित्र मराठीत म्हणाला, ‘बाळा, लागलं तर नाही ना?’ तिलाही बहुतेक एक शब्द कळला नाही.

मग तिची आजी आली. तिने आम्हाला ओटीवर बसवलं, तांब्या पुढे केला आणि म्हणाली, ‘डा.’ पाणी. हा मला आलेला पहिला कोरकू शब्द. चाकं गार होईपर्यंत आम्ही तिथे तासभर बसलो. त्या अख्ख्या दिवसातला तेवढा एक तास मला नीट आठवतो. बाकी सगळं पांढरं.

[०५:४०] अडीच युनिट उष्णता

घरी आलो आणि हे मामांना सांगितलं. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. परतवाडा–धारणी त्यांचा रोजचा रस्ता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ब्रेक म्हंजे काई देव नाही बावा, घडीघडी बोलवाले.’

याच्यामागचं गणित मी नंतर केलं, ते सांगतो, कारण हा एपिसोड ऐकून कोणी घाटात जाणार असेल तर त्याला हे माहीत पाहिजे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे. खाली परतवाड्याच्या मैदानापर्यंत तुम्ही ढोबळमानाने ७०० मीटर उतरता. चार माणसांसकट गाडीचं वजन १३०० किलो धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती साधारण अडीच युनिट विजेएवढी असते. म्हणजे एक हजार वॅटची इस्त्री अडीच तास चालू ठेवा, तेवढी. ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. थोडी हवेत जाते, थोडी टायरमध्ये. उरलेली एकतर इंजिन खातं, नाहीतर तुमचे ब्रेक. तुम्ही चौथ्या गियरमध्ये येऊन सारखा ब्रेक दाबत राहिलात की ती इस्त्री चार तव्यांएवढ्या चकत्यांवर चालू राहते. पॅड इतके तापतात की त्यांची पकडच जाते. त्याहून तापलं तर ब्रेकच्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, पण बुडबुडा दाबला जातो. म्हणून पेडल मऊ लागतं.

मामांच्या शब्दांत हे फार छोटं आहे : ‘ज्या गेरनं चढलं, त्याच गेरनं उतराचं.’ दुसऱ्या गियरमध्ये गाडी गुरगुरते, चिडल्यासारखी वाटते; चिडू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल तर अजिबात नाही. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा ‘एल’ वापरा. वास आला की थांबा आणि तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, चकती वाकडी होते किंवा तडकते. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. धुक्यात लाईट खाली ठेवायचा; वर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वळणाच्या पलीकडे माणूस आहे असं धरूनच वळायचं. मेळघाटात रस्ता हा फक्त गाड्यांचा नाही. तिथे त्याच रस्त्यावरून पोरं शाळेत जातात, गुरं घरी येतात, बाजाराला माणसं पायी जातात.

‘एवळी घाई कायची होती तुले?’ मामांनी विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शीट होती.

[०९:०५] परत एकदा, मामांसोबत

पुढच्या डिसेंबरात मामा म्हणाले, चल मी दाखवतो. तीन दिवस. शीट नाही.

निघताना त्यांनी पहिली गाडी थांबवली ती गावातच. आता रिद्धपूर म्हटलं की महानुभाव पंथ, गोविंदप्रभू आणि लीळाचरित्र. म्हाइंभटांनी साधारण १२७८ च्या सुमारास इथेच वाजेश्वरीत बसून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ झाला. पुढे पंथाने आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर एन्क्रिप्शन. किल्ली पंथाच्या लोकांकडेच. मला हे शाळेत सांगितलं असतं तर इतिहासात मार्क वाढले असते.

पण मामांनी दाखवायला थांबवलं ते वेगळंच. उत्तरेकडे बोट करून म्हणाले, ‘तिकडं सालबर्डी.’ मोर्शीच्या वर, मध्य प्रदेशच्या सीमेवर सातपुड्याच्या कुशीत सालबर्डी आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, डोंगरातल्या गुहेत महादेव आहे. आणि चक्रधरस्वामी बारा वर्षं सालबर्डीच्या डोंगरात राहिले अशी पंथाची परंपरा आहे. म्हणजे आमच्या गावातून डोंगराकडे जाणारी वाट काही इन्स्टाग्रामने काढलेली नाही. त्याच सातपुड्याच्या रांगेत, पलीकडे बैतूल जिल्ह्यात धारूळच्या परिसरात २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींना आदिमानवाची गुहाचित्रं सापडली. शोधणारे कोणी परदेशी पथकातले नव्हते, सुट्टीच्या दिवशी डोंगर फिरणारे आपले लोक होते.

चांदूर बाजारपर्यंत रस्ता संत्र्याच्या बागांमधून जातो. डिसेंबरात बागेत आंबिया बहाराचा शेवटचा माल असतो आणि रस्त्यावर ट्रक. तिथून परतवाड्याकडे. वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल आणि तारीख २० डिसेंबरनंतरची असेल, तर बहिरमची यात्रा सोडू नका. परतवाडा–बैतूल रस्त्यावर बहिरमबुवाचं देऊळ आहे आणि यात्रा महिनाभराहून जास्त चालते. मातीच्या हंडीत शिजवलेलं मटण आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे. शाकाहारी असाल तर रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि तीही काही कमी नाही. तिथूनच पुढे, सीमेपलीकडे मुक्तागिरी. डोंगराच्या कड्यावर ५२ जैन मंदिरं आणि मधोमध धबधबा. पावसाळ्यात गेलात तर मी काही सांगायची गरज नाही. हिवाळ्यात धबधबा बारीक होतो पण गर्दीही बारीक होते.

परतवाड्यात दोन कामं करायची. पेट्रोल भरायचं आणि घरी फोन करून सांगायचं की आता नेटवर्क जाईल. परतवाडा म्हणजे सागवानाचा बाजार, अचलपूरचं जुळं शहर. अचलपूर एकेकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं, आणि आपण तिथून गाडीच्या काचा वर करून निघून जातो. तो वेगळा एपिसोड.

[१३:२०] तोफा कशा चढवल्या

परतवाड्यातून वर जायला मुख्यतः दोन रस्ते. एक बिहाली, घटांगवरून. दुसरा धामणगाव गढीवरून. मामांनी जाताना एक धरला, येताना दुसरा. मैदानातून डोंगर एकदम उभा राहतो हे इथे फार छान दिसतं. हळूहळू टेकड्या, मग डोंगर, असं काही नाही. पूर्णेचं सपाट खोरं संपतं आणि भिंत सुरू होते. भूशास्त्रज्ञ याला गाविलगड प्रस्तरभंग म्हणतात. जमिनीला मोठी भेग आहे, तिच्या उत्तरेचा भाग वर आणि दक्षिणेचा खाली. त्या खालच्या भागात नदीने गाळ भरला आणि तो झाला आपला वऱ्हाड, काळी माती, कापूस. ढग या भिंतीला अडतात, म्हणून चिखलदऱ्यात अमरावतीच्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो. आणि त्या ओलाव्यामुळेच तिथे कॉफी येते. हो, विदर्भात कॉफी. इंग्रजांच्या काळापासून.

चिखलदऱ्याच्या नावाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल : भीमाने कीचकाला मारून दरीत फेकला, म्हणून कीचकदरा. भीमकुंडावर हात धुतले. महाभारतातला विराट राजा इथलाच म्हणतात, कारण जवळच वैराट आहे. वैराट हे या डोंगररांगेतलं सर्वांत उंच ठिकाण, ११७८ मीटर. गोष्ट खरी की खोटी यात मी पडत नाही. पण सूर्यास्त बघायचा तर वैराटचाच.

आता गाविलगड. माझ्या पहिल्या शीटमध्ये किल्ल्याला पंधरा मिनिटं होती. मामांसोबत चार तास लागले आणि अर्धाच झाला. १४२५ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहा वली याने तो बांधून काढला. दरवाज्यावर गंडभेरुंड कोरलेला आहे, दोन तोंडांचा पक्षी. पण मी तिथे जाऊन अडकलो ते १८०३ मध्ये.

डिसेंबर १८०३. किल्ला नागपूरकर रघुजी भोसल्यांचा. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, म्हणजे तोच जो पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणार. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, भोसल्यांची फौज हरली आणि गाविलगडाकडे सरकली. दक्षिणेकडून कडा इतका उभा की चढणं शक्य नाही. उत्तरेकडून शक्य, पण उत्तरेला जायला रस्ताच नाही. मग कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगर फिरून जायचं ठरवलं. जंगल तोडत, रस्ता करत, अवजड तोफा माणसांच्या हातांनी ओढत, साधारण तीस मैल. काही दिवस लागले. १५ डिसेंबरला तटाला पडलेल्या भगदाडांतून सैन्य बाहेरच्या किल्ल्यात घुसलं. पण आतला किल्ला वेगळा, मध्ये दरी. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीने शिड्या लावून आतली भिंत चढली आणि दार आतून उघडलं. किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. भोसल्यांच्या हातून कटक, बालासोर गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आपला वऱ्हाड, निजामाकडे गेला. गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले मात्र भोसल्यांकडेच राहिले.

गंमत बघा. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची या लढाईवर कादंबरी आहे, ‘शार्प्स फोर्ट्रेस’ नावाची. कुठेतरी इंग्लंडमध्ये बसून लोकांनी गाविलगड वाचलाय, आणि आम्ही तीस किलोमीटरवरून पंधरा मिनिटांची रकाना करून जातो. मामा तटावर बसले होते. म्हणाले, ‘त्या तोफा ओढणारे हात कोनाचे असतीन?’ मी म्हटलं, बहुतेक आपल्याचकडचे, कंपनीच्या फौजेतले हिंदी शिपाई, मजूर. ते काही बोलले नाहीत, तंबाखू चोळत राहिले.

किल्ल्यात एक सूचना : गवत वाढलेलं असतं, तलावाच्या कडा निसटत्या आहेत, बुरुजावर रीलसाठी चढू नका. आणि पाणी सोबत न्या, बाटली सोबत परत आणा.

[१८:४०] वाघ दिसेल का?

नाही. म्हणजे दिसला तर तुमचं नशीब. मेळघाट हा १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याचा गाभा, ३६१ चौरस किलोमीटर. पण हे ताडोबा नाही. नावच मेळघाट, घाटांचा मेळ; डोंगरावर डोंगर, साग, बांबू. वाघ दहा फुटांवर असला तरी बांबूच्या आड. जिप्सीतून उतरताना तोंड पाडून बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांनी सांबर पाहिलं, गवा पाहिला, रानकुत्र्यांचे ठसे पाहिले, पण चेहरा असा की सर्व्हर डाऊन झालाय.

मला तिथला हिरो दुसराच वाटतो. रानपिंगळा. वीतभर घुबड. १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली आणि १८८४ नंतर तो कोणाला सापडलाच नाही. मध्ये एका इंग्रज कर्नलने, मायनरत्झहेगन त्याचं नाव, १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळाल्याचा दावा केला. प्रत्यक्षात त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, नवीन चिठ्ठी लावून आपला म्हणून खपवला होता. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांनी हा घोळ उघडा केला, खोटी नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ आपल्या साथीदारांसोबत तो जिवंत शोधून काढला. ११३ वर्षांनी! डेटाबेसमध्ये एक खोटी ओळ असली की किती वर्षं वाया जातात, हे आमच्या ऑफिसात मी याच गोष्टीने समजावतो. त्यानंतर मेळघाटातही तो सापडला. हा पिंगळा दिवसा फिरतो, म्हणजे तुम्हाला दिसण्याची शक्यता वाघापेक्षा कमी नाही. गाईडला विचारा. सहसा कोणी विचारत नाही, त्यामुळे त्याला बरं वाटतं.

गाभा क्षेत्रातली सफारी पावसाळ्यात बंद असते, बाकी काळात ऑनलाईन बुकिंग होतं. सेमाडोह, कोलकास, वैराट ही ठिकाणं चिखलदऱ्याच्या बाजूने सोयीची. अकोल्याच्या लोकांना अकोटवरून शहानूर जवळ, तिथेच नरनाळा किल्लाही आहे. कोलकासला सिपना नदीच्या काठी विश्रामगृह आहे. आम्ही संध्याकाळी नदीकाठी बसलो. फोनला नेटवर्क नव्हतं आणि तासाभरात माझा हात खिशाकडे जायचा थांबला.

[२२:१५] सिपना म्हणजे साग

या नदीचं नाव मी आयुष्यभर ऐकलंय. अमरावतीत त्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेजही आहे. पण सिपना म्हणजे काय, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कोलकासच्या गाईडकडून कळलं. कोरकूत सिपना म्हणजे सागाचं झाड. सागाच्या जंगलातली नदी, सागनदी.

कोरकू ही मराठीची बोली नाही. हिंदीचीही नाही. ती मुंडा गटातली भाषा आहे. संथाली, मुंडारी यांची बहीण. त्या बहिणी झारखंड, ओडिशा, बंगालकडे राहतात आणि ही एकटी इतक्या पश्चिमेला सातपुड्यात. कोरकूत वाघ म्हणजे कुला, संथालीत कुल. पाण्याला कोरकूत डा, संथालीत दाक. त्याहून दूरचं नातं शोधलं तर ते कंबोडियाच्या ख्मेर आणि व्हिएतनामी भाषेपर्यंत जातं. आजीने मला दिलेला तांब्या किती जुना होता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे माणसं. एवढंच.

२०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सुमारे सव्वासात लाख लोक होते, मध्य प्रदेश धरून. युनेस्कोच्या यादीत ती धोका असलेल्या भाषांमध्ये आहे. आता माझी अडचण समजा. मी रिद्धपूरचा. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या गावात केवढा आनंद. मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपुरात झालं. मी पण स्टेटस ठेवलं होतं. आणि आमच्यापासून दोन-अडीच तासांवर ती मुलगी पहिलीत जाऊन बसते तेव्हा पुस्तक उघडलं की पहिल्या पानापासून परकी भाषा. घरी डा, शाळेत पाणी. तिला गणित येत नाही असं गुरुजींना वाटतं, पण तिला प्रश्नच कळलेला नसतो. चक्रधर संस्कृत सोडून लोकांच्या बोलीत बोलले आणि म्हाइंभटांनी त्याच बोलीत लिहिलं याचा आम्ही अभिमान बाळगतो. तीच गोष्ट कोरकूची आली की आम्ही ‘त्यांना मराठी येत नाही’ म्हणतो. मी पण म्हटलंय. त्या दिवशी नालीतून गाडी काढताना हेच म्हटलं होतं.

माझ्या फोनवर मी कोरकू शब्द देवनागरीत टाईप करतो तेव्हा कीबोर्ड ते ‘दुरुस्त’ करून मराठी करतो. सिपना चं सपना. मेळघाटात डिजिटल म्हणून गाजलेलं गाव हरिसाल. २०१६ मध्ये सरकार आणि मायक्रोसॉफ्टने मिळून देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहीर केलं. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकऱ्यांनी व्हिडिओ लावून तिथे काय चालू नाही ते सभेत दाखवलं. कोण बरोबर यावर दोन तास भांडता येईल. मला फक्त एवढं कुतूहल आहे की त्या सगळ्या कॉम्प्युटरवर कोरकूत काही होतं का.

दुसरा अवघड विषय. वाघासाठी गावं हलवली जातात. बोरी, कोहा, कुंड ही गावं साधारण २००० च्या आसपास जंगलातून काढून अकोटच्या बाजूला वसवली. जानेवारी २०१९ मध्ये अशाच हलवलेल्या गावांतले लोक परत जंगलात आले आणि वनकर्मचाऱ्यांशी मोठा संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. मी वाघाच्या बाजूचा आहे. पण जिप्सीत बसून ‘किती शांत आहे ना इथे’ म्हणताना, ती शांतता कोणी जागा सोडल्यामुळे आहे, हे डोक्यात असू द्यावं असं मला वाटतं. याला दुसरा नमुनाही आहे. परतवाड्याजवळचं पायविहीर. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, उजाड डोंगर लोकांनी पुन्हा हिरवा केला आणि त्या जंगलातली सीताफळं गावाने स्वतः विकली. २०१४ मध्ये त्यांना राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळाला.

[२८:००] मग जायचं कसं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. किमान दोन मुक्काम. रविवार टाळता आला तर टाळा. जेवण, गाईड, खवा, मध, स्ट्रॉबेरी जे घ्याल ते गावातल्या माणसाकडून घ्या. मोथ्याची स्ट्रॉबेरी जानेवारीच्या आसपास मिळते, आणि चिखलदऱ्याच्या गवळ्यांचा खवा बारमाही. घासाघीस करू नका, तुम्ही मॉलमध्ये करत नाही.

होळीला गेलात तर रस्त्यात दोर धरून लोक गाडी थांबवतील आणि फगवा मागतील. घाबरून काचा वर करू नका, लुटालूट नाही ती. कोरकूंचा होळी हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. बाहेर कामाला गेलेली पोरं घरी येतात, मेघनाथाची पूजा होते, रात्ररात्र नाच. हसून दहा-वीस रुपये द्या, ढोल ऐका. आणि दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत गुराखी मंडळी घुंगरू बांधून बासरीवर थाट्या नाचतात. त्याला घुंगरू बाजारच म्हणतात. गावात गेलात तर समोरासमोर घरांच्या दोन ओळी दिसतील, मध्ये रुंद रस्ता, भिंती सारवलेल्या. फोटो काढायच्या आधी विचारा. पोरांना चॉकलेट वाटत फिरू नका. ती गाडी दिसली की रस्त्यावर धावायला लागतात, आणि वळणावर माझ्यासारखा कोणीतरी येत असतो.

तिसऱ्या दिवशी परतताना मी मामांना ती नाली दाखवली. त्यांनी गाडी कडेला घेतली. आजी ओटीवर कुटकी पाखडत होती. तिने मला ओळखलं नाही, पण मामांना ओळखलं! एसटीवाले म्हणून. दोघं अर्धा तास कोरकूत बोलत होते. मामांना कोरकू येतं हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. तीस वर्षं गाडीत कोण बसायचं मग, असं ते म्हणाले. मुलगी आता चौथीत होती. तिने माझ्याकडून कुला, डा, सिपना म्हणवून घेतलं आणि तिन्ही वेळा हसली. म्हणजे मी चुकीचं म्हणत होतो.

तर या एपिसोडमध्ये मी जे कोरकू शब्द उच्चारलेत, ते ऐकून तुमच्यापैकी कोणी धारणी, चिखलदरा, भैसदेहीकडचे कोरकू बोलणारे असाल, तर व्हॉईस नोट पाठवा. बरोबर कसं म्हणायचं ते सांगा. पुढच्या वेळी सुरुवातीलाच लावतो.

आणि हो, नागपूरहून पाचला निघणाऱ्या भाऊ, तुम्ही सुट्टी टाका.